डोक्यामागचं खळं

मुलांनो, घरात भिंतीवर देवाचं एखादं कॅलेंडर असेल, तर जरा त्याच्यासमोर जाऊन उभे राहा. चित्रात दत्तगुरू असोत, सरस्वती असो नाहीतर साईबाबा असोत, डोक्यामागे एक पिवळंधमक वर्तुळ बहुतेक दिसेलच. आता शेजारीपाजारी डोकावा. कुणाच्या घरात गौतम बुद्धांची तसबीर असेल, कुणाकडे गुरू नानकांची, कुणाकडे भगवान महावीरांची, कुणाकडे येशू ख्रिस्ताची. पोशाख निराळे, हातातल्या वस्तू निराळ्या, चेहरे निराळे. पण डोक्यामागचं ते वर्तुळ? ते मात्र सगळीकडे सारखंच!

या वर्तुळाला आपण प्रभामंडळ किंवा तेजोवलय म्हणतो. देवळातल्या मूर्तीमागे पितळेची किंवा चांदीची नक्षीदार कमान असते, तिला प्रभावळ म्हणतात. प्रभा म्हणजे प्रकाश. म्हणजे प्रभावळ ही नुसती शोभेची कमान नाही, तर धातूत घडवलेला उजेडच आहे!

नाताळच्या आधी आमच्या चौथीच्या वर्गात मुलं भेटकार्डं करत होती. एकानं बाळ येशूच्या डोक्यामागे पिवळा गोल रंगवला. शेजारची मुलगी लगेच उठली. "बाई, हा गोल तर आपल्या देवांचा असतो. यानं येशूला काढलाय!" तो कसला ऐकतोय! "आमच्या चर्चमध्येपण आहे. तुम्हीच आमचा घेतलाय!" झालं, बघता बघता वर्गात दोन तट पडले. एरवी एका डब्यात जेवणारी मुलं एकमेकांकडे रागानं बघायला लागली.

वाद 'आमचं' आणि 'तुमचं' यावर आला, की मोठ्या माणसांचीसुद्धा डोकी तापतात. अशा वेळी ओरडाआरडा करण्यापेक्षा त्या वस्तूचा प्रवास शोधलेला बरा. चला तर मग, या वर्तुळाच्या मागे मागे जाऊ या.

खळ्याची गंमत

सुरुवात आपल्या गावच्या शेतापासूनच करू. ज्वारीची कणसं खुडून झाली, की मळणीसाठी जमीन चोपून, शेणानं सारवून एक गोल जागा तयार करतात. तिला म्हणतात खळं. मधोमध तिवडा रोवायचा, त्याला बैलांची पात जुंपायची आणि बैल गोल गोल फिरवायचे. हल्ली मळणीयंत्रं आली, त्यामुळे अशी खळी कमी झाली. पण तुमच्या आजोबांना विचारा, ते डोळे मिटून सांगतील.

आता रात्री आकाशाकडे बघा. कधी कधी चंद्राभोवती मोठं फिकट कडं दिसतं. त्याला आपण काय म्हणतो? चंद्राला 'खळं' पडलं! शेतातलं खळं गोल, आकाशातलंही गोल, म्हणून नाव एकच.

खरी गंमत पुढेच आहे. अशा कड्याला इंग्रजीत 'हेलो' म्हणतात, आणि देवांच्या डोक्यामागच्या वर्तुळालाही तोच शब्द आहे. (टेलिफोनवरचा 'हॅलो' नव्हे हं, हा वेगळा!) हा शब्द आला ग्रीक भाषेतल्या 'हालोस' या शब्दावरून, आणि हालोस म्हणजे काय ठाऊक आहे? मळणीचं खळं! हजारो मैल दूर असलेल्या ग्रीक शेतकऱ्यानंही बैल गोल फिरवले, रात्री मान वर करून चंद्राकडे पाहिलं आणि त्याला तेच सुचलं जे आपल्या शेतकऱ्याला सुचलं.

हे आकाशातलं खळं पडतं कसं? खूप उंचावर पातळ, विरळ ढग असतात. तिथे इतकी थंडी असते, की पाण्याचे बारीक बारीक षटकोनी बर्फकण होतात. त्यांतून जाताना चंद्राचा प्रकाश वळतो आणि चंद्रापासून साधारण २२ अंशांवर एक कडं दिसतं. हात पुढे लांब करून बोटं ताणा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जेवढी वीत होते, साधारण तेवढं अंतर. सूर्यालाही खळं पडतं, पण सूर्याकडे सरळ कधीही बघायचं नाही, लक्षात ठेवा.

राजाचं तेज

सूर्य-चंद्राभोवती दिसणारा उजेड माणसाच्या चित्रात कसा आला? पुराणातल्या गोष्टींत देवांच्या आणि वीरांच्या अंगाचं तेज फाकल्याची वर्णनं तुम्ही ऐकली असतील. तशीच ती इतर देशांच्या गोष्टींतही आहेत. ग्रीक महाकाव्य 'इलियड'मध्ये अकिलीस नावाचा वीर रणांगणाजवळ येतो, तेव्हा देवीच्या कृपेनं त्याच्या डोक्यावर ज्वाळा झळकताना दिसतात. ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावरच्या जुन्या नाण्यांवर हेलिऑस या सूर्यदेवाच्या डोक्याभोवती किरणं काढलेली आहेत.

प्राचीन इराणमधली कल्पना तर फारच सुंदर आहे. खऱ्या राजाला देवाकडून एक तेज मिळतं, असं तिथले लोक मानत. पारशी लोकांच्या 'अवेस्ता' या धर्मग्रंथात त्याला 'ख्वरेना' म्हटलं आहे. यिम नावाच्या राजाजवळ हे तेज होतं. त्याच्या राज्यात सगळं आबादीआबाद होतं. पण पुढे तो खोटं बोलायला लागला. त्याबरोबर ते तेज पक्ष्याचं रूप घेऊन त्याला सोडून उडून गेलं! हा यिम म्हणजेच पुढच्या गोष्टींतला जमशेद. मुंबईतल्या पारशी घरांत आजही मुलाचं नाव जमशेद ठेवतात.

पाहिलंत? तेज म्हणजे दागिना नव्हे. ते मिळतं आणि वागणं बिघडलं की जातंही.

नाण्यावरचे बुद्ध

आता आपल्या देशात येऊ. मध्य प्रदेशात सांचीचा स्तूप आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्याच्या तोरणांवर बुद्धांच्या जीवनातले प्रसंग कोरले आहेत, पण त्यांत बुद्ध माणसाच्या रूपात दिसत नाहीत. कुठे रिकामं आसन, कुठे पावलांचे ठसे, कुठे बोधिवृक्ष, कुठे चक्र. एवढ्यावरून आपण ओळखायचं.

मग इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात गांधार आणि मथुरा या भागांत बुद्धांच्या मूर्ती घडायला लागल्या. गांधार म्हणजे आजच्या पाकिस्तानातला पेशावरचा आणि त्याला लागून असलेला अफगाणिस्तानचा मुलूख. तिथे कुशाण राजांचं राज्य होतं. हा मुलूख म्हणजे जणू एस.टी.चं मोठं स्टँडच! ग्रीक, इराणी, भारतीय, मध्य आशियातले व्यापारी, भिक्षू, कारागीर, सगळ्यांची इथे ये-जा.

कुशाण राजा कनिष्क याची सोन्याची नाणी बघण्यासारखी आहेत. एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला एखादा देव. कधी इराणी सूर्यदेव मिहिर, तर कधी आपले बुद्ध. दोघांच्याही डोक्यामागे वर्तुळ! आणि बुद्धांचं नाव लिहिलंय कोणत्या लिपीत? ग्रीक! 'बोद्दो' अशी ती अक्षरं आहेत. म्हणजे भारतीय महापुरुष, इराणी ढंगाचं तेज आणि ग्रीक अक्षरं, सगळं एका नाण्यावर.

अफगाणिस्तानात बीमरान इथल्या स्तूपात १८३०च्या दशकात सोन्याची एक छोटी डबी सापडली. उंची सात सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्या मुठीत मावेल एवढी. तिच्यावर इंद्र आणि ब्रह्मा यांच्यामध्ये बुद्ध उभे आहेत आणि त्यांच्या डोक्यामागे वर्तुळ आहे. ही डबी आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तिकडे मथुरेच्या शिल्पकारांनी हे वर्तुळ दगडात कोरलं. पुढे गुप्तांच्या काळात, म्हणजे पाचव्या शतकाच्या सुमारास, त्यात कमळाच्या पाकळ्या आल्या, वेलबुट्टी आली, मोत्यांच्या माळा आल्या. सारनाथच्या म्युझियममध्ये उपदेश करणारे बुद्ध आहेत. त्यांच्या मागचं प्रभामंडळ पाहिलं, की दगड इतका नाजूक असू शकतो हे खरंच वाटत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही याचा पुरावा आहे, बरं का! अजिंठ्याचं दहा नंबरचं लेणं फार जुनं, इसवी सनापूर्वीचं. तिथे पूजेसाठी मूर्ती नाही, स्तूप आहे. पण त्याच लेण्याच्या खांबांवर काही शतकांनंतरच्या चित्रकारांनी बुद्ध रंगवले आणि त्यांच्या डोक्यामागे वर्तुळं काढली. जुनी रीत आणि नवी रीत एकाच छपराखाली! १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असताना त्याला ही लेणी दिसली आणि त्यानं याच लेण्यातल्या एका चित्रावर आपलं नाव खरवडलं. तुम्ही सहलीला जाल तेव्हा ते नाव बघा, पण त्याचं अनुकरण करू नका!

इथून बौद्ध भिक्षूंबरोबर हे वर्तुळ चीनमध्ये गेलं, तिथून कोरिया, जपान. जपानच्या होर्यू-जी मंदिरात इसवी सन ६२३मधली बुद्धांची ब्राँझची मूर्ती आहे. तिच्या मागच्या प्रभावळीत ज्वाळा लवलवताना दिसतात.

रोममध्ये काय झालं?

आता पश्चिमेकडे जाऊ. रोममध्ये जमिनीखाली ख्रिस्ती लोकांची जुनी दफनघरं आहेत. तिथल्या सुरुवातीच्या चित्रांत येशू म्हणजे कोकरू खांद्यावर घेतलेला साधा तरुण मेंढपाळ. डोक्यामागे काही नाही. पुढे चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइननं ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. त्याच शतकात येशूच्या डोक्यामागे वर्तुळ दिसायला लागलं. त्याआधी रोमन लोक ते आपल्या सूर्यदेवाला काढत होतेच. सवयीची खूण चित्रकारांनी नव्या ठिकाणी वापरली. पुढे येशूच्या वर्तुळात क्रूस काढायची पद्धत पडली, म्हणजे गर्दीतही येशू कोण ते चटकन कळावं.

पण एक चमत्कारिक गोष्ट सांगते. रोमच्या सांता मारिया माज्जोरे या चर्चमध्ये पाचव्या शतकातली रंगीत तुकड्यांची चित्रं आहेत. त्यात हेरोद राजा आहे. बाळ येशूला मारायला निघालेला दुष्ट राजा, आपल्या कंसासारखाच! आणि त्याच्या डोक्यामागे चक्क वर्तुळ आहे! असं कसं? कारण त्या काळी वर्तुळाचा अर्थ 'चांगला माणूस' असा नव्हता. 'हा सत्ताधारी आहे' एवढंच ते सांगत होतं. इटलीतल्या रावेन्ना शहरात सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा यांची सहाव्या शतकातली चित्रं आहेत. त्यांनाही वर्तुळं आहेत. ते 'संतांचं' चिन्ह म्हणून पक्कं व्हायला पुढे बराच काळ जावा लागला.

आणि चौकोनी वर्तुळ कधी पाहिलंय? हसू नका! रोमच्या सांता प्रासेदे चर्चमध्ये नवव्या शतकातले पोप पास्काल यांचं चित्र आहे. त्यांच्या डोक्यामागे चौकोन आहे. चित्र काढलं तेव्हा ते हयात होते, म्हणून चौकोन. गोल मात्र स्वर्गातल्या संतांना. म्हणजे पोप झाले तरी आधी आयुष्य नीट पुरं करायचं, गोलाचं मग बघू!

चित्रकारांची पंचाईत

युरोपातले जुने चित्रकार ही वर्तुळं खऱ्या सोन्यानं करत. सोनं ठोकून ठोकून त्याचा वर्ख करायचा, आपल्या मिठाईवर चांदीचा असतो ना, तसा. तो लाकडी फळीवर चिकटवून घोटायचा. चर्चमध्ये अंधार असे. मेणबत्ती पेटली, की आधी वर्तुळंच लखलखत. भक्ताला वाटे, खरंच उजेड आला.

पण चित्रं जशी हुबेहूब व्हायला लागली, तशी अडचण आली. बाराजण टेबलाभोवती गोल बसलेत, त्यांतले काही आपल्याकडे पाठ करून. आता त्यांचं वर्तुळ काढायचं कुठं? इटलीतल्या दूच्चो या चित्रकारानं चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र काढलं. त्यानं सरळ पाठमोऱ्या शिष्यांची वर्तुळं गाळून टाकली! काहींनी वर्तुळ तिरपं, ताटलीसारखं काढून पाहिलं. काहींनी नुसतं बारीक कडं ठेवलं.

मग आला लिओनार्दो द व्हिंची. १४९५ ते १४९८ या काळात त्यानं मिलान शहरात याच भोजनाचं भलंमोठं भित्तिचित्र काढलं. त्यात एकालाही वर्तुळ नाही. पण येशूच्या बरोबर मागे एक खिडकी आहे. बाहेरचं निळं आकाश तिच्यातून दिसतं आणि खिडकीचा उजेड येशूच्या डोक्यामागे येतो. वर्तुळ न काढता प्रकाश मात्र दाखवला. आहे की नाही हुशारी?

गोव्याहून आग्र्याला

वर्तुळाचा प्रवास इथेच संपला नाही. १५८० साली गोव्याहून काही ख्रिस्ती पाद्री अकबर बादशहाच्या बोलावण्यावरून फत्तेपूर सिक्रीला गेले. त्यांनी बरोबर युरोपातली चित्रं आणि छापील चित्रांचं बायबल नेलं होतं. बादशहाच्या चित्रकारांनी ती चित्रं बारकाईनं पाहिली, त्यांच्या नकला केल्या. पुढे अकबराचा मुलगा जहांगीर गादीवर आला, आणि त्याच्या चित्रांत बादशहाच्याच डोक्यामागे सोनेरी वर्तुळ झळकायला लागलं.

बिचित्र नावाच्या चित्रकारानं १६१५-१८च्या सुमारास काढलेलं एक चित्र आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये आहे. त्यात जहांगीर वाळूच्या घड्याळावर बसलाय आणि मागे सूर्य-चंद्र एकत्र करून केलेलं प्रचंड तेजोवलय आहे. समोर एक म्हातारे सूफी साधू, तुर्कस्तानचा सुलतान आणि इंग्लंडचा राजा जेम्स. बादशहा पुस्तक देतोय ते साधूला, राजांना नाही. आणि इंग्लंडच्या राजाला वर्तुळही नाही! मुघलांकडून हीच पद्धत राजपूत दरबारांतल्या चित्रकारांनी उचलली.

म्हणजे बघा, ग्रीस, इराण, गांधार, मथुरा, चीन, जपान, रोम, गोवा, आग्रा... आता सांगा, हे वर्तुळ कुणाचं? चौथीच्या वर्गातला तो मुलगा आणि ती मुलगी, दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आणि अर्धं चूक. कुणी कुणाचं चोरलं नाही. चांगली दिसली ती खूण प्रत्येकानं घेतली आणि आपल्या भक्तीची भर घालून पुढे दिली. ज्ञानाचं आणि कलेचं असंच असतं. दिव्यानं दिवा लावला, म्हणून पहिला दिवा काही विझत नाही.

दवातलं तेज

आता शेवटची गंमत, आणि ही तुम्ही स्वतः करून बघायची आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर उठा. जिथे गवतावर भरपूर दव पडलंय अशा ठिकाणी जा. सूर्य नुकताच उगवलेला हवा. सूर्याकडे पाठ करून उभे राहा आणि गवतावर पडलेल्या आपल्या लांब सावलीच्या डोक्याकडे बघा. तिच्याभोवती गवत जास्त उजळ, चांदीसारखं चमकताना दिसेल. दवाचा प्रत्येक थेंब भिंगाचं काम करतो आणि प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवतो, म्हणून असं दिसतं.

आता मित्राला शेजारी उभं करा. तुम्हाला तेज दिसेल तुमच्याच सावलीच्या डोक्याभोवती, त्याच्या नाही. आणि मित्राला विचाराल तर तो म्हणेल, "छे, ते तर माझ्या डोक्याभोवती आहे!" दोघंही खरं बोलताय. परत आलेला तो प्रकाश ज्याचा त्यालाच दिसतो.

सोळाव्या शतकात इटलीत चेल्लिनी नावाचा मोठा सोनार-शिल्पकार होऊन गेला. त्यानं आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, की सकाळी दवाच्या वेळी त्याच्या सावलीच्या डोक्यावर तेज दिसतं. त्याला वाटलं, ही देवाची आपल्यावर खास कृपा! प्रत्येकाला आपापलं तेज दिसतं, हे त्याला कुठं ठाऊक?

डोंगरावर धुकं असेल तर आपल्या सावलीभोवती रंगीत गोलही दिसतो. आपल्याकडे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून असं 'इंद्रवज्र' दिसतं. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथून पाहिलेल्या गोल इंद्रधनुष्याचं वर्णन १८३५ साली प्रसिद्ध झालं. चीनमधल्या एमेई पर्वतावर यात्रेकरू त्यालाच 'बुद्धांचा प्रकाश' म्हणतात.

मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला फार आवडतं. गवतावर आणि धुक्यात प्रत्येकाला फक्त आपल्याच डोक्याभोवती तेज दिसतं. पण चित्रकार जेव्हा कुंचला हातात घेतो, तेव्हा तो ते वर्तुळ स्वतःला काढत नाही, दुसऱ्याला काढतो. ज्यानं आपल्याला वाट दाखवली, ज्याच्याविषयी मनात आदर आहे, त्याच्या डोक्यामागे. जहांगीरला काय, बादशहा म्हणून चित्रकार ते काढून देत होतेच. पण बुद्धांनी, येशूंनी किंवा नानकांनी कुणाला "माझ्यामागे वर्तुळ काढा" असं सांगितलं नव्हतं. लोकांनीच ते काढलं.

तेव्हा मुलांनो, येत्या रविवारी एक चित्र काढा. ज्या माणसामुळे तुमच्या आयुष्यात उजेड आला असं तुम्हाला वाटतं, त्याच्या डोक्यामागे एक वर्तुळ रंगवा. आजी असेल, पहाटे दूध घालणारे काका असतील, अडलेलं गणित समजावून देणारी मैत्रीण असेल. ते गोल करायचं की चौकोनी, हे मात्र आता तुम्हाला ठाऊक आहे!